पेरीसाहेबांची माफी

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मुंबईच्या विमानतळावर काउंटरच्या काट्यावर आमची बॅग ठेवली, तेव्हा ती दीड किलोने कमी भरली. जास्त नाही, कमी. काउंटरवरची मुलगी कौतुकाने म्हणाली, सर, अजून बसलं असतं की यात. मी मान डोलावली. माझी बायको मंजिरी शेजारीच पासपोर्टची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिचं लक्ष नव्हतं. एवढीच गोष्ट. वाचणाऱ्याला वाटेल, यात लपवण्यासारखं काय आहे? मला ते कबूल करायला वीस वर्षं लागली. तुम्ही दोन-चार पानं धीर धरा.

परवा घड्याळं मागे गेली. ऑक्टोबर संपता संपता एका रविवारी हा अख्खा देश एक तास मागे सरकतो आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळेलाच अंधार दारात येऊन उभा राहतो. लंडनबाहेरच्या मेडनहेडच्या घरात मी ओव्हनचं घड्याळ मागे करतो, गाडीतलं करायचं विसरतो आणि दर वर्षी न चुकता मला आमचा लंडनच्या विमानतळालगतच्या हाउन्सलोमधला पहिला हिवाळा आठवतो.

एका पंजाबी घरमालकाच्या घरातली वरची खोली. भिंतीवर दमटपणाचे नकाशे. खिडकीच्या काचेवर आतून पाणी ओघळायचं, कारण आम्ही कुकरही तिथेच लावायचो आणि कपडेही तिथेच वाळवायचो. त्यामुळे त्या वर्षी माझ्या ऑफिसच्या शर्टांना वरणाचा वास असे आणि वरणाला साबणाचा. आणि डोक्यावर विमानं. एक गेलं की दुसरं, इतकी खाली की चाकं मोजावीत. ओल्या फुटपाथवर, बसस्टॉपवर, वाण्याच्या दुकानाबाहेर, जिथे असेल तिथे मंजिरी मान वर करून बघायची आणि म्हणायची, "यात असेल का रे माझा रोल?"

दर दोन मिनिटांनी एक विमान. अपराधी माणसाने हाउन्सलोमध्ये घर घेऊ नये.

रोलचं सांगायला हवं. मंजिरी साताऱ्याची. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत तिला 'ए' मिळालेली. पुढे आर्ट टीचर डिप्लोमा करून ती पुण्यात एका शाळेत शिकवत होती. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे या माहितीचा उपयोग 'मुलीला रांगोळी छान येते' एवढाच झाला. इंग्लंडला निघताना तिने आपली सहा चित्रं निवडली. जाड हँडमेड कागदावरची जलरंगातली. वडिलांचं दुकान, तांदूळ निवडणारी आत्या, दोरीवर वाळणारी लुगडी, असं काहीबाही. 'काहीबाही' हा त्या वेळचा माझा शब्द. ती चित्रं वडिलांनी कापून दिलेल्या प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात गुंडाळली, दोन्ही टोकांना झाकणं ठोकली आणि बॅगेत सर्वांत खाली ठेवली.

निघायच्या दिवशी दुपारी पुण्याच्या आमच्या घरी मी बॅगेचं वजन केलं. आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आधी नुसतं आपण काट्यावर उभं राहायचं, मग बॅग उचलून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बॅग दीड किलो जास्त निघाली. काहीतरी काढणं भाग होतं. बॅगेत माझं प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि मंजिरीचा पाइप होता. मंजिरी खाली शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेली होती. पुस्तकावाचून माझी नोकरी अडणार होती. पाइपावाचून काय अडणार होतं? मी पाइप काढला आणि माळ्यावर जुन्या गाद्यांमागे ढकलला. मनाशी म्हटलं, पुढच्या फेरीत नेऊ. तिला सांगेन विमानात. विमानात तिला झोप लागली. म्हटलं, उतरल्यावर सांगू.

पण त्याआधीच विमानतळावरचा तो काटा आला होता आणि मला माझी वजाबाकी कळली होती. मी स्वतःचं वजन केलं होतं जेवणाआधी, अनवाणी. बॅगेसकट केलं ते जेवणानंतर, बूट घालून. मधे आईच्या हातच्या पाच पुरणपोळ्या, वाटीभर तूप आणि कटाची आमटी. मंजिरीची सहा चित्रं माझ्या पोटाने मागे ठेवली. पुस्तकाबद्दल म्हणाल, तर त्याची पुढची आवृत्ती आम्ही पोचायच्या आत निघालेली होती. मी ते एकदाही उघडलं नाही.

हाउन्सलोमध्ये बॅग उघडल्यावर मंजिरीने प्रत्येक कपडा झटकून पाहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "रस्त्यात कोणीतरी उघडली असेल." पहिलं खोटं नेहमी असं पाहुण्यासारखं येतं, पाच मिनिटं टेकतो म्हणत. ती म्हणाली, तक्रार कर. मी केली असं सांगितलं. ती म्हणाली, उत्तर आलं का? आठवडाभर ती रोज विचारत राहिली. शेवटी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून स्वतःच उत्तर लिहिलं. बॅगेज विभागाचे अधिकारी म्हणून पेरी नावाचे एक गृहस्थ निर्माण केले. पेरीसाहेब फार सभ्य निघाले. त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. मंजिरीने प्रिंटआउट दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बघ, इथली माणसं किती नम्र असतात." पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या इंग्रजीची तारीफ केली आणि मला ती घेता आली नाही.

मग ती म्हणाली, त्यांना पुन्हा लिही, आत नेमकं काय होतं ते सांग, त्यांना वाटत असेल कॅलेंडरं असतील. म्हणून पेरीसाहेबांचं दुसरं पत्र आलं. हे पहिल्यापेक्षा हृद्य होतं. एका कलावंताचं काम हरवणं म्हणजे काय, ते साहेबांनी ओळखलं होतं. मी स्वतः ते लिहिताना थोडा गहिवरलो होतो. मंजिरीने दोन्ही पत्रं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली, आमच्या लग्नाच्या दाखल्याशेजारी.

पुढे काय, तर जे सगळ्यांचं होतं ते. मंजिरी काही वर्षं विमानतळावरच्या दुकानात परफ्यूम विकत होती, मग आम्ही मेडनहेडला आलो आणि ती प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट झाली. ईशा झाली, वाढली. मंडळाच्या गणपतीत मखर मंजिरीचं, संक्रांतीला रांगोळी मंजिरीची, स्टेजमागचा पडदा मंजिरीचा. सूत्रसंचालक माइकवरून म्हणायचे, डेकोरेशन आपल्या मंजिरीताईंचं. मी टाळ्या वाजवायचो. घरी तिने ब्रश हातात घेतला नाही. पाच वर्षांपूर्वी एकदा म्हणाली होती, मागच्या खोलीतल्या खिडकीतून उत्तरेचा उजेड येतो, चित्रं काढायला बरा. त्या खिडकीखाली माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल आहे. टेबलावर मॉनिटर आहे. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून त्याच्याखाली ते जाडजूड पुस्तक आहे. एवढाच त्याचा आयुष्यभराचा उपयोग.

चित्रांचं काय झालं ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. पुण्याला गेलो होतो. दुपारी सगळी आडवी झाली असताना मी स्वयंपाकघरात शेंगदाणे शोधत होतो. फळीवरचा स्टीलचा डबा उचलला, तर खालचा कागद डब्याला चिकटून थोडा वर आला आणि त्याच्या खालच्या बाजूला मला निळा रंग दिसला. दिवाळीच्या साफसफाईत आईला माळ्यावर पाइप सापडला होता. आतले कागद जाड, टिकाऊ, वर्तमानपत्रासारखे दर महिन्याला बदलायला नकोत. तिने ते फळ्यांवर अंथरले, रंगाची बाजू खाली. पाइप माझ्या धाकट्या भावाने, शेखरने, बाल्कनीतल्या मोरीला बसवला. तो अजून पाणी वाहून नेतो. मी डबा होता तसा ठेवला. शेंगदाणेही खाल्ले नाहीत. त्यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी.

आता गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. ईशाला ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, आर्ट आहे. तिच्या टीचरने सांगितलं, लंडनला एक एक्झिबिशन लागलंय ते बघून या: स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, डेन्मार्क इथल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्त्री चित्रकारांचं. मंजिरीने त्याच क्षणी तिघांची तिकिटं काढली. त्याच आठवड्यात शेखरचा फोन आला. आईचं स्वयंपाकघर मोडून मॉड्युलर करतोय, ट्रॉल्या येणार, सोमवारी जुन्या फळ्या भंगारात. मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवला आणि दिवस मोजले. सोमवारच्या आत कोणालातरी काहीतरी सांगावं लागणार होतं, आणि शनिवारी मला चित्रं बघायला जायचं होतं.

गॅलरीत उजेड मंद ठेवला होता. दाराशी पाटी होती: जलरंगांना प्रकाशाने इजा होते, सहकार्य करावे. आत बर्फ होता, पण पांढरा नाही. निळा, जांभळा, संध्याकाळी साबणाच्या पाण्याला येतो तसा. खिडकीशी बसून शिवणारी बाई. खिडकीशी बसून पत्र वाचणारी बाई. पाठमोरी, मानेवरचा अंबाडा सुटत आलेली. खिडकीशी बसून काहीच न करणारी, जी मला सर्वांत धोकादायक वाटली. एकीने स्वतःलाच रंगवलं होतं, हातात ब्रश आणि चेहऱ्यावर 'आता काय हवंय?' असा भाव. तो भाव मी ओळखतो. चार महिने सूर्य नीट न बघणाऱ्या देशांतल्या या बायका, त्यांनी उजेड असा जपून वापरला होता जसा आपण परदेशात गोडा मसाला वापरतो.

पण हे सगळं मी नंतर पाहिलं. मी चित्रांकडे थेट बघणारा माणूस नाही, मी आधी लेबल वाचतो. पहिलं लेबल: अकादमीत स्त्रियांना प्रवेश नसल्याने ती पॅरिसला गेली. बरं. दुसरं लेबल: विवाहानंतर तिने क्वचितच चित्रं काढली. तिसरं: पतीही चित्रकार होते, घरात एकच स्टुडिओ होता. चौथं: विवाहानंतर. पाचव्यापर्यंत मला घाम फुटला. नावांच्या अक्षरांवर ठिपके आणि गोल होते, एकही मला उच्चारता येत नव्हतं, पण नवरे सगळे ओळखीचे वाटत होते. मग मी एक गोष्ट केली जी पन्नाशीच्या सुज्ञ माणसाने करू नये. मंजिरी पुढच्या चित्राकडे सरकली की मी आधीच जाऊन त्या लेबलसमोर पाठ टेकून उभा राहायला लागलो.

चार लेबलं मी अशी झाकली. पाचव्याला मफलरवाले एक उंच आजोबा अतिशय अदबीने म्हणाले, त्यांना जरा वाचता येईल का. पलीकडची अटेंडंट बाई खुर्चीवरून उठली. ईशा स्केचबुक घेऊन माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू भिंतीला का चिकटतो आहे? ते माझा फेवरिट पेंटिंग आहे." तिचं मराठी व्याकरण असंच आहे. मी म्हटलं, पाठ दुखतेय.

शेवटच्या दालनात एक लहान चित्र होतं. फार्महाउसमधलं स्वयंपाकघर, टेबलावर मासळी, कोणीच माणूस नाही. लेबलवर लिहिलं होतं: चित्रकर्तीच्या मृत्यूनंतर हे चित्र नवऱ्याच्या घरच्यांनी कितीतरी वर्षं पिठाच्या कपाटाला मागची फळी म्हणून ठोकलं होतं. मी पाठ टेकली. पूर्ण टेकली.

मंजिरी आली. चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सरक, श्री."

"काही नाही गं, नेहमीचंच लिहिलंय."

"सरक."

मी सरकलो. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आवाज न करता, तोंडावर स्कार्फ दाबून, इतकी की तिला मधल्या बाकावर बसावं लागलं. अटेंडंट बाई पाणी हवंय का विचारून गेली. ईशा आम्हाला ओळखत नसल्यासारखी दुसऱ्या दालनात निघून गेली.

मी तिच्या शेजारी बसलो. वीस वर्षांत जे वाक्य मी शंभर प्रकारे जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "शेखर किचन काढतोय सोमवारी."

"माहितेय. जाऊबाईंनी ट्रॉल्यांचे फोटो पाठवलेत."

"फळ्या भंगारात देणार. फळ्यांवरचे ते कागद..."

ती समोरच्या चित्रातल्या मासळीकडे बघत म्हणाली, "तांदळाच्या डब्याखाली बाबांचं दुकान आहे. डाळींच्या खाली आत्या आणि लुगडी. तेलाच्या बुधल्याखालचं गेलं, त्यातून तेल झिरपलंय. बाकीची पाच बरी आहेत."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे.

"तुझ्या आईच्या घरात डबे कोण उचलतं, श्री?"

इतक्या वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मी त्या घरात एकदा एक डबा उचलला आणि जगातलं सर्वांत मोठं गुपित आपल्यापाशी आहे असं समजून चालत होतो. ती दर सुट्टीत तिथे रोज दोन वेळा स्वयंपाक करत होती.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस, काढून का घेतली नाहीस? ती म्हणाली, आधी वाटलं तू सांगशील, म्हणून थांबले. मग त्या थांबण्याचीच सवय झाली. शिवाय काढली असती तर तुला विचारावं लागलं असतं, आणि तू बिचाऱ्या पेरीला तिसरं पत्र लिहायला लावलं असतंस.

मी विचारलं, पेरीचं कसं कळलं.

"कुठला इंग्रज साहेब पत्राच्या शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांगतो?"

खरं होतं. पेरीसाहेबांनी दोन्ही पत्रांच्या शेवटी 'कुटुंबातील सर्व ज्येष्ठांना माझे आदरपूर्वक प्रणाम कळवावेत' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. मला लहानपणी पत्र तसंच संपवायला शिकवलं आहे. त्याशिवाय पत्र मला उघडं वाटतं.

"मग ती पत्रं जपून कशाला ठेवलीस?"

तिने स्कार्फची घडी घातली, उलगडली. मग साध्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या पत्रात त्याने मला आर्टिस्ट म्हटलंय. इथे आल्यापासून मला तसं म्हणणारा तो एकटाच."

गॅलरीच्या बाहेर पायऱ्यांवर अंधार पडला होता, अजून पाच वाजायचे होते. पुण्यात जेवणं आटपली असतील. मंजिरी आणि ईशा खालच्या पायरीवर उभ्या होत्या आणि मी शेखरला फोन लावला. भोवती बसेस, पर्यटक, चेस्टनट भाजणारा माणूस, आणि मी कधी नव्हे तो मोठ्याने सांगत होतो की, फळ्यांवरचे कागद फेकू नकोस, ती मंजिरीची चित्रं आहेत, तिने काढलेली, मी मागे ठेवलेली. शेखर म्हणाला, कुठली चित्रं, डाळीखालची? मग त्याने तिथूनच आईला हाक मारून सांगितलं की, तुझ्या डब्यांखाली चित्रं आहेत म्हणे. मागून आईचा आवाज आला, मला माहीत नाही का? म्हणून तर पालथी घातली होती, उजेडाने रंग उडतात.

फोन स्पीकरवर होता. मंजिरीने आतल्या त्या पाटीच्या दिशेने बोट दाखवलं आणि पुन्हा हसायला लागली. अंधार, सपाट पृष्ठभाग, वर समान दाब. लंडनची गॅलरी जे करत होती तेच आमची आई डाळ-तांदळाच्या डब्यांनी करत होती. त्या सगळ्या घरात माझं गुपित एकट्या माझ्यापासूनच लपून होतं.

चित्रं संक्रांतीच्या सुमारास आली. शेखरच्या ओळखीचे एक जण येणार होते, त्यांनी बॅगेत तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवून आणली. वजनाचा प्रश्नच आला नाही. कडा दुमडलेल्या आहेत, पण आईने एकही कापलेली नाही. पाठीमागे डब्यांचे गोल उठले आहेत, एकात एक अडकलेले. ईशा म्हणाली, हा साइड पण फ्रेम करायचा. पुढची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा लेबल नसताना पाहिली. दुकानाच्या दारात टांगलेलं सायकलचं चाक, आणि त्याच्या आऱ्यांमधून आलेला सकाळचा उजेड जमिनीवर पडलाय. तो उजेड निळा आहे. साताऱ्यात, बर्फाशिवाय, तिने तो निळा पाहिला होता.

यालाही आता वर्ष होत आलं. घड्याळं पुन्हा मागे गेली. आमच्या घरावरून जाणारी विमानं फार उंचावरून जातात, त्यांची चाकं दिसत नाहीत, पण मंजिरीने परवा बागेत दोरीवरचे कपडे काढताना सवयीने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहून भुवई उडवली. सगळं माहीत आहे तिला, फक्त पुरणपोळ्यांचं माहीत नाही. बॅगेत जागा होती, हे तिला हे वाचून कळेल.

चित्रं अजून पलंगाखाली सपाट ठेवलेली आहेत, कारण मागच्या खोलीत जागा नाही. उत्तरेच्या खिडकीखाली माझं टेबल आहे, टेबलावर मॉनिटर, मॉनिटरखाली पुस्तक. तिने नवे रंग आणून पिशवीतच ठेवले आहेत. ती काही म्हणालेली नाही. तिला थांबायची सवय आहे.

तेव्हा माझ्याकडे काय बाकी आहे ते लिहून टाकतो. ती खिडकी मंजिरीची आहे, ती मी द्यायची आहे. तिला चित्रकार म्हणायचं आहे, तिच्यासमोर, मराठीत. आणि पेरीसाहेबांनी तिची दोनदा माफी मागितली. मी अजून एकदाही मागितलेली नाही. ती माफी मी देणं लागतो, माझ्या सहीची.